इस्तवाचा दगड

ऑक्टोबरचं ऊन पाठीला चावायला लागलं की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीसमोर, दोन बांधकामांच्या पत्र्यांमध्ये, भाताचा एक तुकडा अजून तग धरून आहे. कोण लावतं, मला माहीत नाही. पण तो कापला की पुढचे काही दिवस ओल्या पेंढ्याचा वास आमच्या मजल्यापर्यंत चढून येतो. सून म्हणते, "आई, ऊन लागेल, आत या." मी हो म्हणते आणि बसून राहते.

आयुष्यात कापण्या कमी का पाहिल्या? माहेरी पाहिल्या, सासरी पाहिल्या. पण हा वास आला की एकच हंगाम आठवतो, आणि गंमत म्हणजे त्या हंगामात मी एक पेंढीसुद्धा कापली नव्हती.

तेव्हा मी शिरवण्याला नांदत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या होत्या, सह्या-अंगठे होऊन गेले होते, पण शहर अजून आमच्या बांधापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून लोक आपल्याच, पण आता आपल्या न उरलेल्या शेतात भात लावत होते. पुढच्या वर्षी लावायला मिळेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. बांधावर उभं राहिलं की एका अंगाला पिवळं भात आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांची धुराडी. वारा फिरला की भाताचा वास जाऊन औषधांचा यायचा.

गावातून कारखान्यात जायला लागलेल्या पहिल्या बायकांत मी होते. डब्यांची झाकणं बनवायचा छोटा कारखाना होता, मी तिथे प्रेसवर उभी राहायचे. त्या पावसाळ्यात एका दुपारी वरचा साचा खाली आला तेव्हा माझा उजवा हात अजून आतच होता. तर्जनीचं वरचं पेर गेलं. मधलं बोट शिवलं. अंगठ्याची शीर दुखावली. टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हात वाचला, नशीब समजा." हात वाचला होता हे खरं, पण मूठ वळत नव्हती. दोन बोटं खुंटीसारखी ताठ. पाणी गरम आहे की गार, तेही त्यांना कळत नव्हतं.

माझ्या सासूला सगळं गाव आय म्हणायचं, मीही म्हणायचे. ठेंगणी, काटक बाई. कापणीला उतरली की पुरुषांच्या पुढे जायची आणि मागे वळून बघायचीही नाही. माझ्या हाताचं झाल्यापासून तिने माझ्यावर एका विशिष्ट पद्धतीने माया सुरू केली. माझ्या हातातलं काम काढून घ्यायची. पीठ मळायला बसले की परात ओढून घेई. केर काढायला गेले की केरसुणी नाहीशी. शेजारणी आल्या की माझा हात उचलून त्यांना दाखवायची, "बिचारीचा हात गेला गो," आणि पदराला डोळे पुसायची. मी समोर बसलेली असायचे. आपल्याबद्दल आपल्यासमोर असं बोललं जायला लागलं की माणूस हळूहळू घरातल्या फडताळासारखा होतो. आहे, पण त्याला कुणी काही विचारत नाही.

कापणी सुरू झाली तेव्हा आय म्हणाली, "तू घरीच रव. हात सांबाल."

मी पहिल्या दिवशी राहिले. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतात गेले. भाताची मूठ डाव्या हातात धरली, विळा उजव्यात. ओढला तसा तो निसटून माझ्याच पावलाशी पडला. उचलला. पुन्हा निसटला. ओळीतल्या बायका थांबल्या. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कुणी हसलं नाही. आय आली, तिने विळा उचलून स्वतःच्या कमरेला खोचला आणि हळूच म्हणाली, "घरा जा, मंजुले. सावलीत बस."

मी घरी आले आणि सावलीत बसले. रडले नाही. मला फार राग आला होता, पण कुणाचा, ते ठरवता येत नव्हतं.

आमच्या पडवीला लागून एक खोली होती. ती शोभाताई गमरे आणि त्यांच्या नवऱ्याला भाड्याने दिली होती. महाडकडची माणसं. नवरा ठाण्याला कारकून, उजाडता बाहेर पडायचा. शोभाताई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. ते बौद्ध आहेत हे आळीतल्या चार जणांनी येऊन आयला सांगितलं होतं, जणू तिला नाव ऐकून कळलं नसावं. आय म्हणाली होती, "र्‍हायला खोली दिली हाय, सोयरीक नाय केली." बोलली खरी, पण त्यांच्या खोलीतला चहा मात्र ती काही ना काही निमित्त काढून टाळायची. शोभाताईंना ते समजत होतं. त्या आग्रह करत नसत.

सुट्टीच्या दिवशी शोभाताई दारात बसून दगड घासायच्या. गावात सगळ्यांना ते खूळ वाटे. डोंगराच्या खदानीत खडी फोडताना दगडांच्या पोटातून गारगोट्या निघतात, पांढऱ्या, निळसर, कधी आत रेघा असलेल्या. शोभाताई त्या पिशवीभर गोळा करून आणायच्या. जुन्या शिलाई मशीनची मोटर फळीवर बसवलेली, तिला हिरवट रंगाचं घासायचं छोटं चाक. वर खिळ्याला सलाईनची रिकामी बाटली पाणी भरून टांगलेली, तिच्या नळीतून चाकावर थेंब थेंब पाणी पडायचं. कोरडं घासलं तर दगडाची पूड छातीत बसते, म्हणून पाणी, आणि तोंडाला ओला रुमाल. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दगडावर शस्त्रक्रिया चालली आहे.

त्या दिवशी मी पडवीत बसलेली बघून त्यांनी हाक मारली. "वैनी, नुसत्या काय बसलाय? हा जरा धरा."

"मला धरता येत नाही काही."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हळहळल्या नाहीत. एखाद्या हत्याराकडे पाहावं तसं उलटसुलट करून पाहिलं. मग पार्सलला लावतात ती लाख मेणबत्तीवर वितळवली, लाकडी काडीच्या टोकाला एक गारगोटी चिकटवली आणि काडीभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळत गेल्या. काडी जाड होत होत मक्याच्या कणसाएवढी झाली. "बोटं वाकत नसली तर काडीनं जाड व्हायचं," त्या म्हणाल्या. "धरा आता."

ती काडी माझ्या हातात बसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या उजव्या हातात काहीतरी होतं.

चाकाला दगड टेकला की काडी थरथरायची आणि ती थरथर थेट शिवलेल्या बोटात शिरून खांद्यापर्यंत जायची. डोळ्यांत पाणी यायचं. काडी पडायची. मी उचलायचे. पुन्हा पडायची, पुन्हा उचलायचे. शेतात विळा दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा उचलायची मला कुणी संधी दिली नव्हती. इथे शोभाताई आपल्या दगडात मान घालून बसायच्या. माझं किती वेळा पडतंय हे त्या बघतसुद्धा नसत. त्या न बघण्याचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

त्या कामावर गेल्या की मी एकटी बसायला लागले. वीज असेल तेव्हा चाकावर, नसेल तेव्हा काचेच्या तुकड्यावर ओली वाळू पसरून त्यावर. गावात मळणीची तयारी चाललेली, खळी सारवलेली, आणि मी पडवीत गारगोटी घासतेय. चिंधीचा एकेक वेढा मी कमी करत गेले. काडी बारीक झाली की बोटांना थोडं जास्त वाकावं लागे. ती वाकायची नाहीत, मी डाव्या हाताने वाकवायचे. हे, म्हणजे माझे मिस्टर, टेम्पो चालवायचे. एकदा संध्याकाळी लवकर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दुखतं का?"

"दुखतं."

"मग?"

"मग काय? दुखू दे."

दुसऱ्या दिवशी मोटरच्या पट्ट्यासाठी कुठून तरी नवं रबर घेऊन आले.

दगड शिकवायला फार हट्टी गुरू आहे. त्याच्याशी लाडीगोडी चालत नाही. घासायची खरखरीत पूड, मग तिच्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, यातली एक पायरी गाळली तर शेवटी चकाकी येते पण आत ओरखडा दिसत राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिली गारगोटी मी अशीच तीनदा मागे नेली. पुढे शोभाताईंच्याच कारखान्यात मला काचा घासायचं काम मिळालं आणि तिथूनच मी निवृत्त झाले, पण घासणं मी खरं शिकले ते त्या पडवीत.

गारगोट्या जमायला लागल्यावर एका रविवारी शोभाताईंनी ट्रंकेतून फडक्यात बांधलेले दोन दगड काढले. त्यांचा भाऊ बोटीवर होता. मेक्सिको नावाच्या देशातून त्याने ते आणले होते. "फायर अ‍ॅगेट म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "आत विस्तव असतो."

एक दगड तपकिरी, ओबडधोबड, वर करवंदांचा घोस चिकटून बसावा तसे उंचवटे. दुसरा गुळगुळीत घासलेला, पण नुसताच तपकिरी, मेलेला.

"हा मी घासला," दुसऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "विस्तवाचा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो, आणि सपाट नसतो. उंचवट्याप्रमाणे वर-खाली जातो. वरची साल त्याच वळणानं काढत जायची. माझा हात लेन्सवर बसलेला, दाबायची सवय. जरा जास्त दाबलं आणि गेलं सगळं. दिसला होता हो मला, हिरवा, लाल... आणि डोळ्यादेखत विझला. तेव्हापासून दुसऱ्याला हात लावला नाय."

मग त्यांनी तो न घासलेला, ओबडधोबड दगड माझ्यापुढे सरकवला. "तुमाला दाबताच येत नाय. तुमीच करा."

माझ्या हाताला काय येत नाही, हे तोवर सगळ्यांनी मला दयेने सांगितलं होतं. हे पहिल्यांदाच कुणी कामाच्या हिशेबात सांगत होतं.

मी लगेच घेतला नाही. दुसऱ्याची वस्तू, तीही सातासमुद्रापलीकडची. दोनतीन दिवस तो माझ्या मनात घोळत राहिला. मग जाऊन म्हटलं, "द्या."

त्याला चाक फारसं लावलंच नाही. दगड काडीला चिकटवून वरची जाड साल तेवढी चाकावर काढली, पुढे बांबूच्या कामट्या तासून, टोकाला ओली पूड लावून, उंचवट्यांच्या खाचाखाचांतून हाताने फिरवत बसायचं. थोडं घासायचं, धुवायचं, अंगणात उन्हात जाऊन बघायचं. ट्यूबलाइटखाली तो दगड काहीच सांगत नाही, त्याला ऊन लागतं. घर ते अंगण, अंगण ते घर, माझ्या फेऱ्या चालायच्या. आणि एका सकाळी, दगड ओला असताना, एका उंचवट्याच्या कडेला हिरवं काहीतरी हललं. दगड फिरवला तर ते सोनेरी झालं, अजून फिरवला तर लाल. चुलीतला निखारा फुंकर मारल्यावर उजळतो, तसं. मी अंगणात एकटीच मोठ्याने "आई गं" म्हणाले.

आय दुपारी शेतातून आली, केसांत भाताची कुसळं, पाय चिखलाने माखलेले. माझ्या मांडीवर दगड बघून तिचा पारा चढला. "सगला गाव कापनीला आनि सून दगूड घासतंय! लोका काय बोलतील?"

"बोलू देत," मी म्हटलं.

सासूला उलट बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. ती थबकली. मग पाय धुवायला गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी एक उंचवटा गेला. हात दमला होता, तरी मी घासत राहिले. कामटी तिरकी झाली आणि जिथे काल लाल दिसत होतं तिथे तपकिरी खड्डा पडला. मी तो उन्हात धरला, सावलीत धरला, पुन्हा पुन्हा धुतला. जे गेलं ते गेलं होतं. संध्याकाळी शोभाताई आल्या तेव्हा मी दगड त्यांच्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून बसले.

त्यांनी उचलून पाहिला. "एकच गेलाय. माझा तर अख्खा गेलता." मग म्हणाल्या, "आता टेन्शन नको, वैनी. आहे एवढंच पॉलिश करून टाकू. तीन उंचवट्यांचे डोळे उघडलेत, पुष्कळ झालं."

पण मधला, सगळ्यात मोठा उंचवटा अजून राखाडी सालीखाली होता. त्याच्या एका कडेला मला बारीकशी रेघ दिसली होती. मी म्हटलं, "मधला राहिलाय."

"मधला गेला तर दगडच गेला."

"माहीत आहे. दगड तुमचा आहे, ताई. तुम्ही नको म्हणालात तर ठेवते खाली. पण मला विचाराल तर थांबायचं नाही."

स्टोव्हवर चहा उकळत होता. त्यांनी उठून तो उतरवला. मग म्हणाल्या, "ट्रंकेत पडून तो मेल्यातच जमा होता. करा तुमी."

आता मी घाईने काही करायचं नाही असं ठरवलं. हात दमला की उठायचं. सकाळच्या उन्हात बसायचं, ऊन उतरलं की फडक्यात बांधून ठेवायचं. गेलेल्या उंचवट्याचंही मी ठरवून टाकलं. तो खड्डा लपवायला गेले असते तर आजूबाजूचा विस्तव खाल्ला असता. म्हणून तिथे मी मुद्दामच खोल कोरत गेले, कडा गोल केल्या, दोन उंचवट्यांमधून ओहोळ वाहावा तशी खाच काढली. मेलेला भाग निघून गेला आणि शेजारचे दोन्ही उंचवटे उठून दिसायला लागले.

कापणी संपत आली होती. एक दिवस आय लवकर परतली. मी मधल्या उंचवट्यावर होते. ती आत गेली नाही, पडवीतच भिंतीला टेकून बसली.

"आत हाय का तो इस्तव?" तिने विचारलं.

"आहे."

"कसा ठाव?"

"कडेनं दिसलाय."

ती पुढे सरकून बघायला लागली. भाताची लोंबी नखाने फोडून आत दाणा भरलाय का बघायची तिला आयुष्यभराची सवय. सालीआड काहीतरी आहे आणि घाई केली तर ते मिळणार नाही, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. "मंग दमान घे," ती म्हणाली. "मी हाय बसलेली."

शोभाताईंची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी तीन कप चहा आणला, एक आयच्या पुढे धरला. आयची नजर दगडावर. तिने हात पुढे केला, कप घेतला आणि फुंकर घालून प्यायली. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. चहा संपल्यावर आय म्हणाली, "आलं चांगलं घातलंस गो," आणि पुन्हा दगड बघायला लागली.

मधला डोळा एकदम उघडला नाही. आधी राखाडी पातळ झालं, मग दुधाच्या सायीतून बघावं तसं केशरी दिसलं, मग सायसुद्धा गेली. मी हात काढून घेतला. अजून एकदा फिरवावं असा मोह होत होता, तो आवरणं सगळ्यात कठीण गेलं. मग जुन्या चामडी चपलेचा तुकडा घेऊन, त्यावर शोभाताईंच्या कारखान्यातली, चष्म्याच्या काचा चकाकवायची गुलाबी पूड लावून, मी त्याला चकाकी आणत बसले. शेवटी लाख तापवून दगड काडीवरून सोडवला. तेव्हा लक्षात आलं की काडीवर आता चिंधीचा एकच वेढा उरला होता आणि माझी बोटं तिच्याभोवती वळली होती. पूर्ण नाही, आजही पूर्ण वळत नाहीत. पण वळली होती.

अंगणात उन्हात मी तो आयच्या तळहातावर ठेवला. तिने तो फिरवला. हिरवा, सोनेरी, लाल. तिने मान झटकली, पुन्हा फिरवला. "इस्तवाचा दगूड," ती पुटपुटली. "आनि ह्यो आकार कसला? फूल हाय का पान?"

"कशाचाच नाही. तो आत जसा होता तसा."

"मंग बरा हाय."

आणि तो मुठीत धरून ती सरळ आळीत चालू लागली. मला आणि शोभाताईंना वाटलं, दोन दारं जाऊन येईल. पडवीतून आम्हाला तिचा आवाज ऐकू येत होता, दर दाराशी तोच. "बगा गो! माझ्या सुनेन केला. ह्या हातान केला, त्याच हातान!" बिचारी हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

ती परतली तेव्हा ऊन कलतं झालं होतं, आणि तिच्या मुठीत दगड नव्हता.

शोभाताई उठूनच उभ्या राहिल्या. "आय, दगड कुठाय?"

"बायजाकरं ठेवलाय. तिची लेक येनार हाय सांजंला, तिना बगायचा हाय."

"अहो, पण..."

"कुटं जातंय? दगूड हाय, त्याना काय पाय हान?" आणि ती चुलीकडे गेली.

शोभाताई हसत सुटल्या. जो दगड त्यांनी कित्येक दिवस ट्रंकेत, फडक्यात, कुलपात जपला होता, तो आज आळीतल्या बायजाकाकूंच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी बसला होता. पुढे तो त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी तो मला देऊ केला होता, मी घेतला नाही. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. पुढच्या वर्षी आमच्या बांधावर सिमेंटचे खांब पुरले गेले, भात पुन्हा लागलं नाही, आणि काही वर्षांनी गमरे मंडळी स्वतःच्या घरी राहायला गेली. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आणायला मी बायजाकाकूंकडे गेले. त्यांनी तो फळीवरून काढून पदराने पुसून दिला. मी तो कनवटीला लावला आणि निघाले. दाराशी त्यांचा पाण्याने भरलेला हंडा होता. काकू वाकल्या, कमरेत कळ आली तशी सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, "मंजुले, निंगालीस कुटं? इकरं ये, हंडा उचलाय लाग जरा."

त्या पावसाळ्यापासून गावातल्या कुणी मला काही काम सांगितलं नव्हतं. मी पदर खोचला, डावा हात हंड्याच्या बुडाला घातला, उजव्याने काठ धरला आणि म्हटलं, "सोडा तुम्ही, काकू. मी धरलाय."